मिल्क फ्लोट, छोटा हत्ती आणि मामाचा प्रश्न

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मामाचा फोन आला. इथली सकाळ म्हणजे तिकडची दुपार. जेवण झाल्यावर आणि आडवं होण्याआधी मधली जी पंधरा मिनिटं असतात, त्यात मामा जगभरचे फोन उरकतो. ख्यालीखुशाली झाली, थंडी किती आहे झालं, "स्वतः करून जेवतोस की नुसता ब्रेड खातोस" हेही झालं. मग एकदम म्हणाला, "बरं, तू इंजिनिअर ना? मग सांग, इलेक्ट्रिक टेम्पो घेऊ का?"

आता मी इंजिनिअर आहे हे खरं. पण मी जावामध्ये कोड लिहितो. कॉलेजात इलेक्ट्रिकलचा एक पेपर होता, तो चाळीस मार्कांवर सुटला होता. पण मामाला हे कोण सांगणार? त्याच्या लेखी इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर. फ्रिज बिघडला तरी फोन मला. :)

मामा पुण्यात सिंहगड रोडला प्लंबिंगची कंत्राटं घेतो. पाइप, टाक्या, पंप, कमोड, दोन पोरं आणि एक डिझेलचा छोटा हत्ती एवढ्यावर त्याचा धंदा चालतो. तो हत्ती आता थकलाय. २०२२ मध्ये टाटांनी त्याच हत्तीचा इलेक्ट्रिक अवतार काढला. एका चार्जमध्ये १५४ किलोमीटर असा त्याचा प्रमाणित आकडा. मामाने कुठेतरी जाहिरात पाहिली, डिझेलचा हिशेब मांडला आणि डोळे चमकले. मामी मात्र नाही म्हणतेय. कारण मामा चोपन्न वर्षांचा आहे, गुडघे बोलायला लागलेत आणि हे कर्ज पाच वर्षांचं. "हे माझं शेवटचं कर्ज रे," मामा म्हणाला. "चुकलो तर फेडता फेडता म्हातारा होईन."

"बघतो आणि सांगतो," म्हणून मी फोन ठेवला. आणि मग बसलो वाचत. एखादा प्रश्न पडला की त्याच्या मागे शंभर वर्षं धावत जायचं ही माझी जुनी खोड आहे, ती या ब्लॉगच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. तर मंडळी, हा लेख म्हणजे मामाच्या एका ओळीच्या प्रश्नाचं माझं लांबलचक उत्तर.

सध्या मी इंग्लंडात लेस्टरला ऑनसाइट आहे. आणि गंमत अशी की या प्रश्नाचं निम्मं उत्तर माझ्या शेजारीच राहत होतं.

शेजारचे आजोबा सत्तरीच्या पुढचे. एकदा कुंपणावरून गप्पा मारताना मी त्यांना म्हटलं, की आमच्याकडे भारतात आता इलेक्ट्रिक टेम्पो आलेत, नवीन तंत्रज्ञान वगैरे. आजोबा हसले. म्हणाले, मी १९७० च्या दशकात रोज इलेक्ट्रिक गाडीच चालवायचो. ते दूधवाले होते.

मी चाटच पडलो. आपल्या डोक्यात इलेक्ट्रिक गाडी म्हणजे गेल्या दहा-पंधरा वर्षांतली गोष्ट. पण ब्रिटनमध्ये दूध वाटायच्या गाड्या दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून बॅटरीवर चालत होत्या. त्यांना 'मिल्क फ्लोट' म्हणतात. हे नाव घोड्यांच्या काळातलं. दूधवाल्याला सारखी चढउतार करावी लागते म्हणून त्याच्या घोडागाडीचा तळ जमिनीलगत ठेवलेला असे, त्या गाडीला फ्लोट म्हणत. घोडा गेला, नाव राहिलं.

पण ही गोष्ट नीट समजायची तर आधी थोडं मागे आणि समुद्रापलीकडे अमेरिकेत जायला लागेल. फ्लोट चालला का, हे कळण्यासाठी त्याच्या आधीच्या बॅटरीच्या गाड्या का हरल्या ते बघायला हवं.

१९०० साली अमेरिकेत एकूण ४१९२ मोटारगाड्या बनल्या. त्यातल्या १६८१ वाफेवर चालणाऱ्या, १५७५ विजेवर आणि फक्त ९३६ पेट्रोलवर. म्हणजे पेट्रोल तिसऱ्या नंबरवर! तेव्हाची पेट्रोलची गाडी हँडल मारून सुरू करावी लागायची, धूर आणि आवाज करायची आणि मध्येच रुसायची. विजेची गाडी मात्र बटण दाबलं की निघाली. मोठी दुकानं, बेकऱ्या, पार्सल कंपन्या घरपोच माल द्यायला विजेच्या गाड्या वापरायला लागल्या. शिकागोच्या वॉकर कंपनीने तर १९०५ पासून १९४० च्या दशकापर्यंत असे ट्रक बनवले.

तेव्हाही ग्राहकांच्या मनात तेच दोन प्रश्न होते, जे आज मामाच्या मनात आहेत. बॅटरी किती दिवस टिकेल? आणि ती संपली तर दिवसभर गाडी उभी ठेवायची का?

यावर हार्टफर्ड शहराच्या वीज कंपनीने जे केलं ते वाचून मी खुर्चीतून उठून एक फेरी मारून आलो. १९१० पासून त्यांनी अशी योजना काढली: ट्रक तुम्ही विकत घ्या, पण बॅटरीशिवाय. बॅटरी आमची. ती उतरली की आमच्याकडे या, आम्ही भरलेली बसवून देऊ. तुम्ही दर महिन्याला ठरावीक रक्कम भरा आणि वर जितके मैल चालवाल तितके पैसे द्या. बॅटरी खराब झाली तर डोकेदुखी आमची. १९२४ पर्यंत ही सेवा चालली आणि त्यातल्या गाड्या मिळून साठ लाख मैलांहून जास्त धावल्या. आज आपल्याकडे रिक्षांसाठी बॅटरी बदलून देणारी केंद्रं निघतात आणि सगळे त्याला क्रांती वगैरे म्हणतात. ती क्रांती शंभर वर्षांपूर्वी एकदा होऊन गेली होती!

मग ती मोडली कशाने? पहिलं उत्तर सोपं. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेचा सेल्फ-स्टार्टर आणला आणि पेट्रोल गाडीचं हँडल मारणं गेलं. पहिल्या महायुद्धात पेट्रोल ट्रक प्रचंड संख्येने बनले, युद्ध संपल्यावर लष्करी ट्रक स्वस्तात बाजारात आले. पण डेव्हिड कर्श या अभ्यासकाचं २००० साली आलेलं 'द इलेक्ट्रिक व्हेइकल अँड द बर्डन ऑफ हिस्टरी' हे पुस्तक याहून खोलात जातं. त्या काळच्या जाणकारांत कामाची एक वाटणी रूढ होती: अगदी जवळच्या खेपांना घोडा, शहरातल्या खेपांना वीज, लांबच्या पल्ल्याला पेट्रोल. ज्याचं काम त्याने करावं. आर्थिकदृष्ट्या हे बरोबरही होतं. पण दुकानदाराला तीन प्रकारच्या गाड्या, तीन प्रकारचे मेकॅनिक आणि तीन हिशेब नको होते. त्याला एकच गाडी हवी होती, जी रोजचं गल्लीतलं कामही करेल आणि महिन्यातून एकदा लांबच्या गावालाही जाईल. रोजच्या कामात थोडी महाग पडली तरी चालेल, पण त्या एका दिवशी अडायला नको.

मला हे वाक्य वाचताना मामाच दिसला. कारण मामाचंही तसंच आहे. रोजचं काम वडगाव, धायरी, नऱ्हे. पण मध्येच फलटणला एखाद्या फार्महाउसचं काम निघतं, आणि त्यात कमाई जास्त असते.

आता परत ब्रिटनला येऊ. अमेरिकेत ही वाटणी मोडली, पण ब्रिटनमध्ये एका धंद्यात ती चांगली पन्नास-साठ वर्षं टिकली. का टिकली, ही या लेखातली मुख्य गोष्ट.

बॅटरीच्या गाड्यांची सवय ब्रिटिशांना होतीच. लंडनच्या हॅरॉड्स दुकानाने आधी अमेरिकेतल्या वॉकर गाड्या घेतल्या आणि १९३६ ते १९३९ या काळात तर स्वतःच्या कारखान्यात स्वतःच्या इलेक्ट्रिक व्हॅन बांधल्या. बर्मिंगहॅमच्या महापालिकेच्या कचऱ्याच्या गाड्याही कित्येक दशकं बॅटरीवर धावल्या. पण खरी मोठी फौज तयार झाली ती दूधवाल्यांची. १९३० च्या दशकापासून इथल्या लेस्टरच्याच मॉरिसन कंपनीने, न्यूकॅसलच्या स्मिथने, लफबरोच्या ब्रशने बॅटरीच्या गाड्या बनवायला घेतल्या. महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि त्यांना आणखी बळ मिळालं. युद्धानंतर श्रूजबरीच्या वेल्स अँड एडवर्ड्सने तीनचाकी फ्लोट काढले. १९५० च्या दशकात डेअऱ्यांचे घोडे एकेक करून निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी हे गुरगुर न करणारे डबे आले.

१९६७ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या इलेक्ट्रिक व्हेइकल असोसिएशनने जाहीर केलं, की बाकी सगळ्या जगात मिळून जेवढ्या बॅटरीच्या गाड्या रस्त्यावर आहेत, त्याहून जास्त एकट्या ब्रिटनमध्ये आहेत. मोठी फुशारकी. पण जरा खोलात गेल्यावर दिसलं, की त्यातल्या जवळजवळ सगळ्या मिल्क फ्लोटच!

या गाड्या एकदा डोळ्यांनी बघाव्यात म्हणून एका शनिवारी बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला वायथॉल इथल्या परिवहन संग्रहालयात गेलो. लेस्टरहून बर्मिंगहॅम, तिथे एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर चालत आणि मग लोकल. सोबत यायला कुणी तयार नव्हतं ("दुधाच्या गाड्या बघायला चाललायस?? वीकेंडला??"). तिथे बसगाड्यांबरोबर बॅटरीच्या गाड्यांचा मोठा संग्रह आहे. रांगेत उभे फ्लोट बघताना पहिली गोष्ट लक्षात येते ती म्हणजे त्यांना दारं नाहीत. दूधवाल्याला दिवसातून शेकडो वेळा उतरायचं असतं, दार कशाला? काही गाड्यांना तर ड्रायव्हरची जागाच नाही. पुढे एक दांडा. दूधवाला तो धरून चालायचा आणि गाडी त्याच्या मागून यायची, अगदी घोड्यासारखी.

घोड्याची तुलना उगाच करत नाहीये. दूधवाल्याचा घोडा रस्ता पाठ असलेला असायचा. मालक एका घरात बाटली ठेवून येईपर्यंत हा आपला चार पावलं पुढे जाऊन पुढच्या दाराशी उभा. पेट्रोलच्या गाडीला हे जमत नव्हतं. तिला दर वीस पावलांवर एकतर बंद करून पुन्हा सुरू करा, नाहीतर इंजिन नुसतं फिरत ठेवून तेल जाळा. क्लच, गिअर, ब्रेक, स्टार्टर सगळ्यांचा जीव जातो. विजेची गाडी उभी असताना काहीच खात नाही. पाय दाबला की निघते, उचलला की थांबते.

आता त्या गाडीचे आकडे बघा. वेग ताशी पंधरा मैलांच्या आसपास, म्हणजे चोवीस-पंचवीस किलोमीटर. एका चार्जमध्ये साधारण वीस-पंचवीस मैल. शिशाच्या बॅटरीत किलोमागे तीस-पस्तीस वॅट-तास ऊर्जा मावते. आजच्या लिथियमच्या पॅकमध्ये दीडशेच्या आसपास मावते. म्हणजे आजच्या मानाने ती गाडी अगदीच गरीब बिचारी. कुठल्याही शोरूममध्ये ठेवली तर लोक हसतील. तरी ती चालली.

कारण आजोबांचा दिवस असा होता. पहाटे तीनच्या सुमारास डेपोत जायचं. गाडी रात्रभर भिंतीवरच्या चार्जरला लावलेली, कारण रात्री विजेला दुसरं गिऱ्हाईक कमी. क्रेट भरायचे आणि निघायचं. रस्ता रोज तोच, घरं रोज तीच. किती मैल होणार हे आदल्या दिवशीही माहीत आणि पुढच्या वर्षीही माहीत. पहाटे चारला गल्लीत शिरलं तरी कुणाची झोपमोड नाही. आवाज झालाच तर बाटल्यांचा. सकाळी परत डेपोत, गाडी चार्जरला, आजोबा घरी. बॅटरीत पाणी घालणं, प्लेटा तपासणं ही कामं डेपोतला मेकॅनिक करणार. बॅटरी चार-पाच वर्षांनी बदलायची ती कंपनी बदलणार. गाडीचा सांगाडा मात्र वीस-वीस वर्षं टिकायचा, त्यामुळे सुरुवातीची जास्तीची किंमत वसूल व्हायची.

असं नका समजू की सगळं गोड होतं. आजोबा सांगत होते, हिवाळ्यात थंडीने बॅटरी मलूल व्हायची. परत येताना शेवटच्या चढावर गाडी इतकी हळू चालायची, की शाळेत जाणारी पोरं सायकलवरून टाटा करत पुढे जायची. जिथे चढ फार किंवा घरं लांबलांब, अशा भागांसाठी डेअऱ्या पेट्रोल-डिझेलच्याच गाड्या ठेवायच्या. म्हणजे ज्या धंद्यात विजेचं सगळ्यात जास्त जमलं, तिथेही सगळीकडे वीज नव्हती.

मला आजोबांच्या सगळ्या वर्णनात एक शब्द सारखा ऐकू येत होता: डेपो. गाडी त्यांची नव्हती. बॅटरी त्यांची नव्हती. चार्जर, मेकॅनिक, रात्रीची वीज, काहीच त्यांचं नव्हतं. युनायटेड डेअरीज, एक्सप्रेस डेअरी, सहकारी सोसायट्यांच्या डेअऱ्या अशा मोठ्या संस्था मागे उभ्या होत्या. हार्टफर्डमध्ये जे वीज कंपनी करत होती, ते इथे डेअरी करत होती. दोन्हीकडे गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यावर बॅटरीचं ओझं नव्हतं.

आणि याच कारणाने त्याच देशात, त्याच वर्षांत, शेजारच्याच गल्लीत राहणारा प्लंबर पेट्रोलचीच व्हॅन चालवत होता.

हे मला फार विचित्र वाटलं. जगातल्या सगळ्यात जास्त बॅटरीच्या गाड्या ज्या देशात, तिथल्या सुताराला, प्लंबरला, इलेक्ट्रिशियनला (इलेक्ट्रिशियनला तरी!) ती का नको होती? प्रयत्न झाले होते. १९७३ च्या तेलसंकटानंतर ब्रिटनमध्ये साध्या व्हॅन विजेवर आणायचे प्रयोग सुरू झाले. १९८० च्या दशकात बेडफर्ड कंपनीची सीएफ ही व्हॅन विजेवर निघाली, लुकास आणि क्लोराइड या कंपन्यांच्या यंत्रणेसह. ही फ्लोटसारखी रांगणारी गाडी नव्हती. बाकीच्या रहदारीबरोबर धावू शकायची, एका चार्जमध्ये शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर जायची. पण ती घेतली मुख्यतः मोठ्या संस्थांनी, तीही थोड्या संख्येने, आणि काही वर्षांत ती बंद झाली.

प्लंबरचा दिवस दूधवाल्यासारखा नसतो ना. सकाळी आठला एक काम ठरलेलं, साडेनऊला फोन येतो की अमक्याच्या घरात पाणी शिरलंय, सोडून पळा. सुटा भाग आणायला शहराच्या दुसऱ्या टोकाला. गाडीत दोन माणसं, पाइप, गॅसची टाकी, भरीला स्क्रॅप. शिशाची बॅटरी स्वतःच इतकी जड, की माल किती घालायचा हाच प्रश्न. आणि संध्याकाळी गाडी डेपोत जात नाही, घरी जाते. घरासमोर रस्त्यावर उभी राहते. तिथे चार्जर कोण लावणार?

म्हणजे बघा, फ्लोटच्या यशाचं कारण फ्लोटमध्ये नव्हतंच. ठरलेला रस्ता, सारखं थांबणं, रात्री हक्काची जागा आणि बॅटरीची जबाबदारी घेणारं कुणीतरी, या चार गोष्टी कामात होत्या म्हणून ती दुबळी गाडीही पुरून उरली.

हे पटवून द्यायला तिचा शेवट पुरेसा आहे. फ्लोटला कुठल्या जास्त चांगल्या गाडीने हरवलं नाही. घरोघर फ्रिज आले, रोज ताजं दूध दारात यायची गरज संपली. सुपरमार्केटमध्ये प्लास्टिकच्या मोठ्या बाटलीत दूध स्वस्त मिळायला लागलं. १९९४ मध्ये दुधाची खरेदी-विक्री सांभाळणारं मिल्क मार्केटिंग बोर्ड बरखास्त झालं. १९७० च्या दशकात बहुतेक घरांत दूध दारात यायचं, ते प्रमाण पुढच्या चाळीस वर्षांत शेकड्यात काहीच्या घरात आलं. काम गेलं, म्हणून गाडी गेली. आजोबांनी त्याच्या आधीच दूध सोडून गोदामात नोकरी धरली होती.

मग आज काय? आज बॅटरी बदललीय, हे मान्यच. निसानची ई-एनव्ही२००, रेनॉची कांगू झेडई या व्हॅन २०१० च्या दशकात आल्या. रेनॉने तर सुरुवातीला गाडी विकत आणि बॅटरी भाड्याने असा सौदा ठेवला होता (हार्टफर्डचं भूत!). जुलै २०२० मध्ये ब्रिटिश गॅसने आपल्या मेकॅनिकांसाठी एकदम १००० इलेक्ट्रिक व्हॅन्सची ऑर्डर दिली. हे लोक घरोघरचे बॉयलर दुरुस्त करतात, म्हणजे आमच्या मामाचेच व्यवसायबंधू. २०२२ मध्ये फोर्डची ई-ट्रान्झिट आली. शहरातल्या प्लंबरच्या रोजच्या फिरण्याला हे अंतर सहज पुरतं.

पण जुन्या अडचणी नव्या कपड्यांत तशाच उभ्या आहेत. एक म्हणजे वजन. ब्रिटनमध्ये साध्या कारच्या लायसन्सवर साडेतीन टनांपर्यंतची गाडी चालवता येते. मोठी इलेक्ट्रिक व्हॅन बॅटरीनेच इतकी जड होते, की त्या मर्यादेत माल कमी बसतो. म्हणून सरकारला २०१८ मध्ये नियम बदलावा लागला: इलेक्ट्रिक किंवा तत्सम इंधनाची मालगाडी असेल तर सव्वाचार टनांपर्यंत चालेल, पण पाच तासांचं प्रशिक्षण घ्या. ती प्रशिक्षणाची अट २०२५ मध्ये निघाली.

दुसरी अडचण रात्रीच्या जागेची. ज्याच्या घरासमोर स्वतःचं अंगण आहे, तो रात्रीच्या स्वस्त दरात गाडी भरतो. जो चाळवजा घरात राहतो आणि गाडी रस्त्यावर लावतो, त्याला वेगवान सार्वजनिक चार्जरवर जावं लागतं. तिथला दर घरच्या रात्रीच्या दराच्या काही पट असतो आणि वर उभं राहण्यात कामाचा वेळ जातो तो वेगळाच. म्हणजे तीच गाडी, तेच काम, पण एकाला फायदा आणि दुसऱ्याला खड्डा. ऑगस्ट २०२३ मध्ये लंडनने जुन्या, जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना रोज साडेबारा पौंड आकारायचा नियम शहराच्या सगळ्या भागांत लागू केला, तेव्हा सगळ्यात जास्त ओरड झाली ती जुन्या व्हॅनवर पोट असलेल्यांची. त्यांना हवा शुद्ध नको होती असं नाही. पण महापालिका, ब्रिटिश गॅस किंवा डेअरी यांच्याकडे डेपो असतो, एकट्या सुताराकडे नसतो. शंभर वर्षांत हे एक वाक्य बदललेलं नाही.

हे सगळं वाचून झाल्यावर मी मामाला फोन केला. इतिहास सांगितला असता तर त्याने मध्येच ठेवून दिला असता, म्हणून फक्त एक काम दिलं. "मामा, पंधरा दिवस एक वही कर. रोज सकाळी आणि रात्री किलोमीटर लिही. किती वेळा थांबलास ते लिही. आणि गाडी रात्री कुठे उभी होती ते लिही."

"गाडी रात्री कुठे उभी असणार? सोसायटीच्या बाहेर, रस्त्यावर."

"तेच लिही."

मामा कुरकुरला, पण त्याने लिहिलं. परवा पानांचे फोटो आले. पिवळ्या वहीत निळ्या पेनाने, मध्ये एका कोपऱ्यात सिमेंटचा डाग. पंधरापैकी तेरा दिवस पन्नास किलोमीटरच्या आत. बहुतेक दिवशी तीस-पस्तीस. दोन दिवस लांबचे, एक शिरवळ आणि एक फलटण. शिरवळला जाऊन-येऊन जमलं असतं. फलटणला प्रमाणित आकड्याच्याही बाहेर जावं लागलं असतं, आणि भरल्या गाडीला घाट चढताना तो आकडा कागदावरच राहतो. शेवटच्या रकान्यात पंधराही दिवस एकच शब्द: रस्ता.

मी त्याला सांगितलं, तुझी बॅटरी तुला पुरते. तुझ्या कामात पंधरापैकी चौदा दिवस तू दूधवाला आहेस. पंधराव्या दिवसासाठी भाड्याने टेम्पो कर, त्या दिवशी कमाईही जास्त असते, भाडं निघेल. अडचण आहे ती शेवटच्या रकान्यात. सोसायटीत प्लग मिळेल का?

मामाने कमिटीला विचारलं होतं. सेक्रेटरी म्हणाले, धंद्याची गाडी आत घेता येणार नाही, आणि मीटरचं बघू पुढच्या सभेत. पुढची सभा कधी? ते तारीख ठरवतील तेव्हा.

मामा थोडा वेळ गप्प होता. मागून मामीचा आवाज येत होता, "मी म्हटलं होतं ना?" मग मामाच म्हणाला, "धायरीला माझा एक मित्र पत्र्याचा गाळा भाड्याने देतोय. पाइप ठेवायला मला तसाही हवाच आहे. त्यात वेगळं मीटर आहे. गाडी रात्री आत राहील, लावून ठेवता येईल."

"मग तर झालंच!"

"झालंच कसं? गाळ्याचं भाडं कोण भरणार? डिझेलचे वाचतील ते गाळ्यात जातील का, ते बघायला लागेल आधी." आणि मग कॅल्क्युलेटरची बटणं दाबल्याचा आवाज.

तो हिशेब अजून चालू आहे. मामाने डाउन पेमेंट भरलेलं नाही, मामी खूश आहे, आणि जुना हत्ती रोज सकाळी खोकत खोकत सुरू होतोय. काल रात्री मेसेज आला: "म्हणजे गाडी नाही, आधी गाळा बघायचा." मला वाटतं, मी जे पंधरा दिवस वाचत बसलो, ते सगळं यात आलं.

काय ठरतंय ते कळवीनच. तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी गाडी रोजच्या धंद्यात चालत असेल, तर रात्री ती कुठे उभी असते तेवढं मला नक्की सांगा.

चला, बारा वाजले. उद्या सकाळी डिप्लॉयमेंट आहे. भेटू पुढच्या वीकेंडला. :)